गाडी रेस होते, पण पळत नाही

कांद्याचे किंवा उसाचे पैसे हाती आले की जुनी चारचाकी घ्यायची, हे आता वाड्यावस्त्यांवर नवलाचे राहिलेले नाही. त्यातही क्लच नसलेली, म्हणजे ऑटोमॅटिक गाडी पसंत करणारी घरे आहेत. वडिलांचा डावा गुडघा धरतो, सूनबाईंना मुले शाळेत पोचवायची असतात. डाव्या पायाला कामच नाही ही सोय काही थोडी नव्हे. पण आठ-दहा वर्षे दुसऱ्याने वापरलेली ही गाडी एके दिवशी करंजी घाटात नुसती ओरडते, पुढे सरकत नाही. मेस्त्री पाहतो आणि सांगून टाकतो, “गिअरबॉक्स गेला. बदलावा लागेल.” खर्चाचा आकडा कधीकधी गाडीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडतो.

इथे लगेच मान डोलावू नये. आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची आहे, हे आधी विचारावे. नाव एक असले तरी आतली यंत्रे अगदी वेगवेगळी असतात.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, तिला एएमटी किंवा एजीएस म्हणतात. तिच्यातला गिअरबॉक्स साधा, हाताने बदलायचा तोच असतो. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे एवढी दोन कामे माणसाऐवजी एक छोटी यंत्रणा करते. अशा गाडीत पुष्कळदा क्लच प्लेट झिजलेली असते, किंवा त्या यंत्रणेचा पंप नाहीतर सेन्सर बिघडलेला असतो. गिअरचे दाते शाबूत असतात. मग सगळा गिअरबॉक्स कशाला बदलायचा? मात्र नवी क्लच प्लेट टाकल्यावर स्कॅनर लावून तिची जागा गाडीच्या संगणकाला शिकवावी लागते. ते राहिले तर गाडी धक्के देते.

दुसरी जात खऱ्या ऑटोमॅटिकची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढेच. तेलावाटे इंजिनाची ताकद पुढे नेण्याची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ बाजारात आणली आणि दुसऱ्या महायुद्धात तीच एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसवली. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना न्याल, तेव्हा हे त्यांना जरूर सांगा.

या गिअरबॉक्सचा जीव त्याच्या तेलात. इंजिन तेल थोडेफार जाळते, हा जाळत नाही. तेव्हा पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळते आहे. नुसते सील बदलून आणि तेल भरून गाडी पुन्हा चालू लागल्याची उदाहरणे असतात. तेल बोटावर घेऊन पाहावे. करपल्याचा वास आला, काळे पडलेले दिसले किंवा कण लागले, तर आतल्या प्लेटा जळाल्या असे समजावे. सीव्हीटी ही तिसरी जात, पट्टा आणि पुलीवर चालणारी. तिचे तेल निराळे असते. ‘चालतंय की’ म्हणून दुसरे ओतले, तर चांगला गिअरबॉक्सही मारला जातो.

आणि आपल्याकडची एक सवय सोडायला हवी. गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करून न्यायची! टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या बहुतेक गाड्यांत तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासतात. दुरुस्त होण्याजोगा गिअरबॉक्स शहरात पोचेपर्यंत भंगार होतो. म्हणून पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाके उचलून, नाहीतर सरळ टेम्पोत चढवून न्यावी.

एवढे करूनही बदलायचाच ठरला, तर भंगारातून काढलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो. त्यावरचा क्रमांक आपल्या जुन्याशी पडताळावा आणि चालला नाही तर परत घेण्याची हमी लेखी घ्यावी. जुन्या गिअरबॉक्सची धातूची कीस तेलाच्या कूलरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहते. त्या धुतल्या नाहीत, तर तीच नव्याच्या पोटात जाते. टॉर्क कन्व्हर्टर पंपावर शेवटपर्यंत बसल्याची खात्री करूनच बोल्ट आवळायचे असतात. बोल्टाने ओढून बसवला, तर पंपच फुटतो. त्या दिवशी शक्य तर गॅरेजात स्वतः थांबावे; मेस्त्रीला राग आला तरी चालेल.

ऑटोमॅटिक काढून साधा गिअरबॉक्स बसवून देतो, असेही काही जण सुचवतात. त्यात पेडल, केबल, संगणक असे बरेच बदलावे लागते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधने आहेत, तेव्हा आधी आरटीओत विचारावे. आणि ज्या गुडघ्यासाठी गाडी घेतली, तो पुन्हा क्लचवर आलाच!

काम झाल्यावर सगळी रक्कम गॅरेजातच मोजू नये. थोडी हातची राखून, घरची माणसे बसवून, गाडी गरम होईपर्यंत चालवावी. करंजी नाहीतर चंदनापुरीचा घाट चढवावा. मग परत येऊन गाडीखाली वाकून पाहावे, तेल ठिबकते का.