चाचे बुडवले, त्यांच्या जिंगल ठेवून घेतल्या

'पायरेट रेडिओ' म्हटलं की वाटतं, कुणीतरी चोर असणार. मग चोरी कुणी कुणाची केली ते एकदा बघूच.

१९६४ चं इंग्लंड. बीटल्सचा नुसता धुमाकूळ, आणि देशात रेडिओ म्हणजे एकटी बीबीसी. वादकांची युनियन आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे तिथे रेकॉर्ड वाजवायला दिवसाचे मोजके तास. पोरांनी ऐकायचं काय? मार्चमध्ये रोनन ओराहिली या आयरिश तरुणानं जहाजावर ट्रान्समीटर चढवला, तीन सागरी मैलांच्या हद्दीबाहेर नांगर टाकला आणि 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केलं. डिसेंबरात 'रेडिओ लंडन' आलं. दिवसभर गाणी, मध्येच डॅलसच्या पॅम्स कंपनीच्या चटपटीत जिंगल, आणि कागद वाचून दाखवण्याऐवजी मित्रासारखे गप्पा मारणारे निवेदक. रात्री उशिरा जॉन पील इतर कुणी वाजवत नसलेल्या रेकॉर्ड लावायचा.

सरकारनं काय केलं? जहाजाला हात लावता येईना, म्हणून रसद तोडली. जाहिरात देणं, डबा-पाणी पोचवणं, जहाजावर काम करणं, सगळं गुन्हा. कायदा लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ ला. आणि पुढच्याच महिन्यात, ३० सप्टेंबरला, बीबीसीचं 'रेडिओ वन' सुरू! पहिला आवाज टोनी ब्लॅकबर्नचा, जो दोन्ही जहाजांवर काम करून आलेला. जॉन पीलही तिथेच. जिंगलसुद्धा त्याच पॅम्सच्या! माल चांगला होता, फक्त दुकान दुसऱ्याचं नको होतं. खासगी रेडिओला परवाना मिळायला १९७३ उजाडलं.

चाचे काही संत नव्हते. रॉयल्टी बुडवायचे. १९६६ मध्ये तर धंद्याच्या भांडणात 'रेडिओ सिटी'च्या मालकाला गोळी लागून जीव गेला. नियम हवेच होते. पण नियम करणं वेगळं आणि गळा दाबून त्याच गळ्यातलं गाणं आपलं म्हणून विकणं वेगळं.

आपण हसायचं कारण नाही. आपले केसकर मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेसंगीताला दार लावलं. लोकांनी रेडिओ सिलोन लावला, अमीन सयानींना डोक्यावर घेतलं. मग १९५७ मध्ये विविध भारती आणावीच लागली.

गाणी सुटली, बातमी अजून कोंडलेलीच. १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी आजही खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीची आहे तशी ऐकवा, बस. टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो. पण पाण्याची टाकी का रखडली, हे गावच्या रेडिओनं बातमी म्हणून सांगायचं नाही. पाऊस किती पडला ते सांगा, नगरपालिकेत काय शिजलं ते नको!

पंचवीस वर्षं बातमीदारी करतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. सरकारला भीती गाण्याची नसते, जिंगलची तर नाहीच. भीती असते माइक कुणाच्या हातात आहे याची. आणि आपल्याकडे समुद्रात नांगरलेलं जहाजही नाही. मागणी आपल्यालाच करावी लागेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.