नागरिकशास्त्र की रिकाम्या जागा?

इतिहास व नागरिकशास्त्र हे विषय परीक्षेच्या आदल्या रात्री उरकावयाचे असतात, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांत इतकी दृढ झाली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाराच विक्षिप्त ठरतो. गणितात गुण गेले की शिकवणी लागते. नागरिकशास्त्रात गेले तर कोणी विचारीतही नाही. हा दोष एकट्या शाळेच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही.

साताऱ्यातील अथवा सांगलीतील आठवीच्या मुलास विचारा, प्रतिसरकारचे नेते कोण? 'क्रांतिसिंह नाना पाटील' हे उत्तर तत्काळ येते व एक गुण पदरात पडतो. शिक्षण येथेच थांबते. वस्तुतः येथे त्याचा आरंभ व्हावयास हवा. १९४३ पासून सुमारे तीन वर्षे या मुलखातील गावोगावी इंग्रजांच्या कोर्टांस डावलून न्यायमंडळे बसत, तंटे मिटवीत, थोड्या खर्चात लग्ने लावीत. अपराध्याच्या तळपायांवर मारही बसे. 'पत्री सरकार' हे नाव त्यावरूनच पडले, असे लोक सांगतात. त्या न्यायाधीशांस अधिकार कोणी दिला? आरोपीस दाद मागावयास जागा होती काय? परकी सत्ता अन्यायी असता असा दंड क्षम्य ठरतो काय? हे प्रश्न वर्गात विचारले जात नाहीत, आणि नागरिकशास्त्र तर नेमके हेच आहे.

आणखी एक उदाहरण घ्या. १९३९ साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नव्या घटनेने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्या घटनेस गांधीजींचा सल्ला लाभला होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्याच संस्थानातील आटपाडी व कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. पुढे तेच कुंडल प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र झाले. राजाने दिलेली सत्ता आणि लोकांनी घेतलेली सत्ता यांची तुलना करण्यास याहून सोयीचे स्थळ कोणत्या देशातील मुलांस लाभले असेल?

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पुस्तक साऱ्या राज्यासाठी असते, असे म्हणतात. असेना! शिक्षकाने गावाचे नाव घेऊ नये, असे त्यात कोठे लिहिले आहे? दुसरे म्हणतात, मुले लहान आहेत, त्यांस वादात कशाला ओढावे? परंतु तेरा वर्षांचा मुलगा पाच वर्षांनी मतदार होतो. खेळात कोण बाद झाला यावर तो रोज तासभर साक्षीपुरावे काढून भांडतो. न्यायाची जिज्ञासा त्यास आहे, आपणच ती मारतो.

भूगोलाचीही हीच गत. २०१९ साली सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच जिल्ह्यातील जत तालुका टँकरच्या पाण्यावर दिवस काढीत होता. याचे कारण नकाशा भरणाऱ्या मुलास सांगता येत नसेल, तर तो नकाशा कोणाच्या उपयोगाचा?

आमची मागणी मोठी नाही. प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न असा असावा की ज्याची उत्तरे दोन मुलांनी भिन्न दिली तरी दोघांस पूर्ण गुण मिळावेत, मात्र कारणे दिलेली असावीत. आणि मूल घरी आल्यावर आपण 'किती गुण पडले?' याआधी 'काय लिहिलेस, आणि का?' एवढे विचारावे. ज्या जिल्ह्यांनी स्वराज्य स्वतः चालवून पाहिले, त्यांच्या मुलांनी स्वराज्याची केवळ व्याख्या पाठ करावी, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.