माल कोणासाठी, हे ठरविणारा माणूस

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील डोईफोडिया या गावाचे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. महाराष्ट्राच्या सीमेलगतचा हा जिल्हा २००३ साली खंडव्यापासून वेगळा झाला. केंद्राच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत त्याच्या नावापुढे केळी आहेत. अशा गावातील शेतकऱ्याने घाम गाळून मिळविलेल्या पैशातून उत्पादक कंपनीचा भाग विकत घेतला, तर त्याचे भवितव्य पुढे कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न काजू-कोकमाच्या आमच्या किनारपट्टीलाही तितकाच लागू आहे.

२००२ सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना स्थान मिळाले आणि २०२० साली केंद्राने दहा हजार शेतकरी-संघटनांची योजना हाती घेतली. प्रत्येकीला व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य तीत ठेवलेले आहे. नोंदणी होते, फलक लागतो. परंतु घड तसाच विकावा की वेफर तळावेत, कोणत्या गिऱ्हाइकासाठी आणि कोणत्या भावाने, हे ठरविणार कोण? मोठ्या शहरांतील कंपन्या यासाठी 'प्रॉडक्ट मॅनेजर' नेमतात. मराठीत त्यास उत्पादन-व्यवस्थापक म्हणावे, तर यंत्रांवर देखरेख करणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो; नेमणुकीतील पहिली चूक तेथेच होते. दुसरी चूक संचालकाच्या भाच्याला नेमण्याची. ती आपल्या सहकारी चळवळीस इतकी परिचित आहे की तिच्याविषयी अधिक लिहिणे नको!

तिसरी चूक अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक घातक: केवळ पदवीवर भाळण्याची. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली. त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो दोन वर्षे पडून राहिला. नांगर उत्तम होता. ज्याच्यासाठी केला त्याचे मन जाणणे बाकी होते. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंते ठरले. लक्ष्मणरावांनी माणसाच्या हातातील काम पाहिले, प्रमाणपत्र नव्हे. पदवीचा आम्ही अनादर करीत नाही. आम्हीही कलाशाखेचे पदवीधर आहोत. पण छापखान्यात उतरल्यावर पहिला धडा आम्हांस जुळाऱ्याने दिला.

वाढत्या कंपनीत या चुका अधिक महाग पडतात. केळी थांबत नाहीत; माल पिकून काळा पडेपर्यंत सभा भरवून चालत नाही. व्यवस्थापकाचा निर्णय चुकला, तर तो दुसरी नोकरी धरतो. भागधारकाची पुंजी मात्र बुडते आणि पुढच्या वेळी 'कंपनी' हा शब्द ऐकताच तो पाठ फिरवितो.

म्हणून आमची सूचना अशी. मुलाखतीपूर्वी उमेदवाराने एक आठवडा बागाईतदाराबरोबर, एक आठवडा अडत्याच्या गाळ्यावर आणि एक आठवडा किरकोळ दुकानात काढावा. त्याचा खर्च कंपनीने सोसावा. नंतर संचालकांनी त्यास एवढेच विचारावे: आपल्या कंपनीने कोणता माल करू नये, आणि का?