अशुद्धाची भीति आणि लिपीचा बळी

मोबाइलवरील संदेशांनीं मराठीचा सत्यानाश केला, ही तक्रार अलीकडे सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत इतक्या वेळां ऐकूं येते कीं, तिची सत्यता तपासण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. तरुण पिढी शब्दांचे तुकडे पाडते, बोलते तसें लिहिते आणि ऱ्हस्वदीर्घाचें बंधन पाळीत नाहीं, असे तिच्यावर तीन आरोप आहेत. आमच्या मतें हे तिन्ही पोकळ असून खरा अपराध निराळाच आहे. आणि त्यांत फिर्यादी मंडळींचा हात आरोपींहून कमी नाहीं.

पहिला आरोप तुकडे पाडण्याचा. आपल्या आजोबांचीं पत्रें काढून पाहावीं. आरंभींच ‘सा. न. वि. वि.’ आढळेल. साष्टांग नमस्कार विनंति विशेष, या भारदस्त शब्दांचीं चार अक्षरें उरलीं, त्याबद्दल कोणी सुतक पाळलें नाहीं. ति., चि., सौ., रा. रा. हीं सारीं त्याच कुळांतलीं. २०१३ सालीं बंद पडलेल्या तारेंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मृत्यूची वार्ताहि तीनचार शब्दांत येई. रोज लिहिणारा हात काटकसर करतोच. त्यानें भाषा मरत नाहीं.

दुसरा आरोप बोलण्यासारखें लिहिण्याचा. अर्धापुराकडील केळीच्या बागेंतला मुलगा आपल्या मित्रास ‘काय करूलालास?’ असें विचारतो. नांदेड-लातुराकडे घरोघर चालणारें हें रूप क्रमिक पुस्तकांत शोधून सांपडावयाचें नाहीं. आज तें हजारों बोटांनीं लिहिलें जात आहे. हा ऱ्हास कीं लाभ? तेराव्या शतकांत म्हाइंभटानें चक्रधरांच्या लीळा लोकांच्या बोलींतच लिहून ठेवल्या, आणि त्या ग्रंथाचा आज आपण अभिमान वाहतों. मराठवाड्यानें तर बोलीस नाक मुरडूंच नये. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथें निजामी राज्यांत कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या दिवसांत मराठी जगली ती मुख्यतः घरच्या बोलण्यावर आणि कीर्तन-भजनावर. व्याकरणाच्या पुस्तकावर नव्हे.

तिसरा आरोप ऱ्हस्वदीर्घाचा. मराठेशाहीचा सारा कारभार ज्या मोडी लिपींत चालला, तिच्यांत इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नसे. तहनामे, सनदा, हिशेब, मसलतीचीं पत्रें हें सर्व एकाच वेलांटीनें पार पडलें. छापील पुस्तकास, कायद्याच्या कागदास नियम हवाच. तेथें ढिलाई आम्हांसहि खपत नाहीं. परंतु मित्राच्या चार ओळींस तोच दंडक लावणें म्हणजे माजघरांत दरबारी पोशाखाची सक्ति करणें होय.

मग खरा अपराध कोणता? मराठी मनुष्य मराठी वाक्य रोमी अक्षरांत लिहितो, हा! याचें मूळ आळसांत नव्हतें. पूर्वीच्या मोबाइलवर एका संदेशांत रोमी अक्षरें १६० मावत, देवनागरी मात्र ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांची गणति वेगवेगळी. ‘विद्यार्थी’ हा तीन अक्षरांचा शब्द दहा जागा खाई. रोमी लिहिण्यांत पैसे वांचत. आतां ती अडचण उरली नाहीं. फोनवर देवनागरी कळफलक आयता मिळतो. तरी संवय सुटत नाहीं. आणि त्या लिपींत काल, काळ, कळ आणि कल हे चौघे बहुधा एकाच वेषांत वावरतात. मन, मान आणि माण यांचा निवाडा वाचणाऱ्यानें करावा.

ही संवय कां टिकली? कुटुंबाच्या गटांत एखाद्या पोरानें देवनागरींत चार ओळी लिहाव्या, आणि काकांनीं मजकूर बाजूस सारून चुकलेल्या वेलांटीवर बोट ठेवावें, बाकीच्यांनीं हंसावें. दुसऱ्या दिवसापासून तें पोर रोमी लिपींत लिहूं लागतें. तेथें वेलांटीच नाहीं, म्हणून चूकहि नाहीं! शुद्धतेच्या पहारेकऱ्यांनीं असा चोर पकडला कीं घरच सुनें पडलें. खेड्यांतून आलेल्या, घरांतील पहिल्याच पदवीधर मुलामुलींवर तर हा प्रहार दुप्पट बसतो. कारण त्यांच्या बोलीचीहि थट्टा होते आणि लेखनाचीहि.

अशुद्ध देवनागरी सुधारतां येते. सोडून दिलेली देवनागरी परत आणणें कठीण. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे जी लिपि हातून उतरत नाहीं, ती एका पिढींत परकी होते, आणि मग नातवास आजीचें पत्र दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागतें. म्हणून आमच्या वाचक कुटुंबांस एवढेंच सांगणें आहे: मुलांचा संदेश देवनागरींत आला, तर त्यांतील चुका मोजूं नका. त्याचें उत्तर द्या, आणि तेंहि देवनागरींतच द्या.