कुंडातलं पाणी तापतं कशानं?

तांबरमहून सुट्टीत कोकणात जाणाऱ्या वाचकांनो, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरकडचं तुरळ किंवा वज्रेश्वरीजवळचं अकलोली वाटेत लागलं, तर गरम पाण्याच्या कुंडाशी घटकाभर थांबा आणि घरच्यांना विचारा, हे पाणी तापतं कशानं?

आजी बहुधा म्हणेल, गंधकानं. नातू म्हणेल, खाली ज्वालामुखी असणार. दोघंही चुकतील. गंधकाचा वास येतो, पण त्यानं पाणी तापत नाही. आणि दख्खनचा लाव्हा थंड होऊन तर कोट्यवधी वर्षं झाली.

याचं उत्तर शोधायला दोन देशांचे शास्त्रज्ञ एकत्र आले होते. मुंबई आयआयटीचे प्रा. डी. चंद्रशेखरम आणि इटलीतल्या फ्लोरेन्सचे आंजेलो मिनिसाले यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम व मध्य भारतातल्या झऱ्यांचं पाणी आणि त्यातून येणारे वायू तपासले. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. हे पाणी मुळात पावसाचं. ते भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि पुन्हा भेगांतूनच वर येतं. खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं.

इटलीच का? तिथल्या लार्देरेल्लो गावी १९०४ सालीच जमिनीतल्या वाफेवर विजेचे दिवे लागले होते. अनुभव त्यांचा, झरे आपले. आइसलँडमध्येही १९७९ पासून विकसनशील देशांतल्या तज्ज्ञांना भूऔष्णिक विषयाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. भूगोल आवडणाऱ्या मुलामुलींनी ही वाट लक्षात ठेवावी.

आपल्या हाती काय? भूपर्यटन म्हणजे पाहायचं, समजून घ्यायचं आणि जपायचं. उन्हवऱ्याचं पाणी उगमाशी सुमारे ७० अंश तापलेलं असतं, तेव्हा लहानग्यांचा हात सोडू नका. आणि कुंडात साबण नको. उद्या कुणी नमुना घेतला, तर त्यात झऱ्याची गोष्ट सापडावी, आपल्या साबणाची नव्हे.

कोकण लांब वाटतं? मग या रविवारी लोकलनं सेंट थॉमस माउंटला उतरा. तिथला चार्नोकाइट खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. कोलकात्यात जॉब चार्नॉक यांच्या समाधीवर याच जातीचा दगड आहे, त्यावरूनच खडकाला नाव मिळालं. जिथे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आपण निदान पाहून तरी येऊ!