पंगत हजाराची, दवाखाना तीस खाटांचा

सप्ताह, भंडारा, जत्रा म्हटलं की गावजेवण आलंच. ही आपली जुनी रीत आहे आणि ती मोडा असं कुणी म्हणणार नाही. पण एवढ्या मोठ्या पंगतीला काही बाधलं तर पुढे काय, याचा विचार शेतकरी बंधू-भगिनींनी आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी आधीच करून ठेवायला हवा.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी लोहा तालुक्यातील कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमानंतर महाप्रसाद झाला. आसपासच्या गावचे लोकही जेवले. पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले आणि बाधितांचा आकडा दोन हजारांवर गेला. लोह्याचं उपजिल्हा रुग्णालय अपुरं पडलं, शेकडो रुग्ण नांदेडला व इतरत्र हलवावे लागले. त्याच महिन्यात बुलडाणा जिल्ह्यात सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीची भगर-आमटी बाधली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा उरली नाही. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसांवर उघड्यावर उपचार झाले.

आता हिशोब मांडा. सरकारी निकषाप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्राला सहा खाटा आणि ग्रामीण रुग्णालयाला तीस. एरवी रुग्ण दिवसभरात एकेक येतात. पंगत बाधली की शेकडो लोक दोन-तीन तासांत एकाच दारावर येतात. औषध असतं, पण तपासणारे हात दोन-चारच. अशा वेळी जो आधी पोचला त्याला सलाईन मिळते आणि ज्याला खरी गरज तो मागे राहतो.

हे बाधतं कशाने? "जास्त खाल्लं म्हणून बाधलं" असं आपण म्हणतो, ते खरं नाही. अन्नात विष तयार झालं असेल तर एक पळीही पुरते. मोठ्या माणसाइतकीच पळी बारा किलो वजनाच्या लेकराला वाढली, तर त्याच्या अंगात वजनाच्या मानाने कितीतरी जास्त विष जातं. म्हणून लेकरं आधी कोमेजतात.

दोष बहुधा पातेल्याच्या आकारात आणि वेळेत असतो. मोठ्या पातेल्यातला भात वरून गार दिसला तरी मध्ये कित्येक तास कोमट राहतो, आणि कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतूंचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. भगरीचं आणखी वेगळं. दमट जागी ठेवलेल्या भगरीला बुरशी धरते, आणि तिचं विष शिजवूनही उरू शकतं. सुटं भगरीचं पीठ तर घेऊच नका. अख्खी, कोरडी, पाकीटबंद भगर घ्या, निवडून धुवा.

तेव्हा स्वयंपाक एकदम न करता पंगतीगणिक थोडा थोडा करा. शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपवा. उरलेलं घरोघर डब्यात पाठवू नका. पाण्यात टीसीएल टाकून ओटी टेस्ट करून घ्या. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना झाकून फ्रीजमध्ये ठेवा. पुढे अन्न व औषध प्रशासनाला कारण शोधायला तोच उपयोगी पडतो. आणि पंगतीची तारीख व अंदाजे संख्या आरोग्य केंद्राला आधी कळवा.

एवढं करूनही बाधलंच, तर सगळं गाव टेम्पोत भरून तालुक्याला नेऊ नका. शाळेत किंवा देवळात आशाताईंच्या मदतीने तीन गट करा. ग्लानी आलेले, डोळे खोल गेलेले, लघवी बंद झालेली, शौचात रक्त पडणारे यांना १०८ बोलावून सर्वांत आधी पाठवा. लहान लेकरं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि पाणीसुद्धा न टिकणारे त्यांच्या मागोमाग. बाकीचे, जे पिऊ शकतात, त्यांना तिथेच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पाकीट ओआरएस मिसळून घोट घोट पाजा. त्यांच्यावरही लक्ष ठेवा. कुणी सुस्तावला की त्याला पहिल्या गटात घ्या.

ओआरएसला कमी लेखू नका. १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाईकांच्या हातून पाजायला सुरुवात केली. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. पाजणारे सारे डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच रात्री कुणाला पाणी देताना साप चावलेला असतो, कुणी बाळंतपणाला अडलेली असते. तीही त्याच दारातून आत जायची असतात. ज्यांचं भागण्यासारखं आहे त्यांचं गावात भागलं, तरच ते दार त्यांच्यासाठी मोकळं राहील. तेव्हा पंगतीच्या सामानाची यादी कराल, त्यात तेल-डाळीखाली ओआरएसची शंभर पाकिटंही लिहा.