मी तुमचं विचारलं

पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर मी अकरा रात्री काढल्या. आत अप्पा होते, माझे वडील. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या पिशव्या, आणि दार उघडलं की एकदम उभी राहणारी माणसं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बारामतीकडच्या एक मावशी होत्या. त्यांच्या मुलाचा मोटारसायकलवर अपघात झाला होता. गळ्यात तुळशीची माळ. पहिल्याच रात्री त्यांनी फडकं सोडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा ठेवला आणि म्हणाल्या, "खा, नायतर तूच आत जाशील."

चौथ्या रात्री, दोन वाजले असतील, मी डोळे मिटून प्रार्थना करत होते. डोळे उघडले तर मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

"कुनाशी बोलत व्हतीस?"

मी सांगितलं, आम्ही ख्रिस्ती आहोत, प्रार्थना करत होते.

"ते समजलं. मी माळकरी हाय. माझा इठोबा मला ठाव हाय. तुझा कोन? त्याच्यापाशी काय हाय, की तू रडतेस आन् मग गप शांत व्हतेस?"

मी म्हणाले, "मावशी, देव सगळे एकच."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "ते मला बी ठाव हाय. मी तुझं इचारलं."

तेवढ्यात दार उघडलं, सिस्टरांनी कुणाचं तरी नाव पुकारलं, आम्ही दोघी उठलो. बोलणं तिथेच तुटलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाला दुसऱ्या मजल्यावर हलवलं आणि पुन्हा भेट झाली नाही.

नगरच्या शब्बाथ शाळेत आमच्याकडून बायबलमधली वचनं पाठ करून घेत. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन मला आठव्या वर्षापासून पाठ आहे. तुम्ही कशाच्या आशेवर जगता असं कुणी विचारलं तर सांगायची तयारी असू द्या, आणि सांगाल ते सौम्यपणे, समोरच्याचा मान राखून सांगा, असा त्याचा आशय. ते बिनचूक म्हटल्याबद्दल मला एकदा पेन्सिलींचा डबाही मिळाला होता. प्रत्यक्षात कुणी विचारलं तेव्हा मात्र मी एक गुळगुळीत वाक्य पुढे केलं आणि त्याच्या आड लपले. मावशींना वाईट वाटू नये म्हणून मी तसं बोलले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरं नव्हतं. मला भीती वाटली होती.

ही भीती कसली, ते महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगते. आमच्या घरात पाच पिढ्या मराठीच बोलली जाते. तरी नवी ओळख झाली की "तुमचं मराठी किती छान आहे हो" असं कौतुक होतं आणि "मूळ गोव्याचे का?" असा प्रश्न येतो. त्यापुढचा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण तो हवेत असतो: ही आता आपल्याला धर्म बदलायला सांगणार का? राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, हे मला माहीत आहे. पण रात्री दोन वाजता, जिची भाकरी आपण खाल्ली त्या बाईसमोर, कलम आठवत नाही. आपल्यावर संशय येईल एवढंच आठवतं. म्हणून आपण आधीच गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला सहिष्णुता म्हणतो.

हा संशय आकाशातून पडलेला नाही, हेही मला मान्य आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं. देवळं पाडली गेली, पोथ्या नाहीशा झाल्या. त्याच गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने मराठी ओवीत रचलेलं. त्या ग्रंथावर माझा जीव आहे. पण तो हातात घेताना त्याच्या आसपास काय चाललं होतं, हे मी विसरू शकत नाही. सत्तेने जबरदस्तीने गळी उतरवलेल्या श्रद्धेची लाज आम्हीच सर्वांत जास्त बाळगायला हवी. पेत्राने तयारीच्या जोडीला सौम्यपणा का सांगितला, ते इथे कळतं.

आणि पेत्र तरी कोण? येशूला धरून नेलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, कोळशांच्या शेकोटीजवळ, एका दासीने त्याला विचारलं होतं: तूही त्याच्याबरोबरचाच ना? कुठला दरबार नाही, न्यायसभा नाही, एक कामवाली मुलगी. तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. असं तीनदा झालं आणि कोंबडा आरवला. तयारी असू द्या असं सांगणाऱ्या पत्रावर याच माणसाचं नाव आहे. मावशींच्या प्रश्नानंतर ते वचन मला वेगळंच ऐकू येऊ लागलं. लहानपणी तो हुकूम वाटायचा. आता वाटतं, शेकोटीजवळ तोंड फिरवलेला एक माणूस कळवळून सांगतो आहे, माझं झालं तसं तुमचं होऊ देऊ नका.

ज्यांना उत्तर देता आलं त्यांच्याविषयी मी नंतर पुष्कळ वाचलं. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावर. त्या गृहस्थाने टिळकांचं ऐकून घेतलं, आपलं सांगितलं, आणि निरोप घेताना नवा करार हातात दिला. टिळक पेन्सिलीने खुणा करत तो वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय सोसावं लागलं ते त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते दुःख कमी लेखून टिळकांचं कौतुक करणं मला जमत नाही. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाने केला की देवाने या प्रश्नाशी स्वतः झगडून.

माझ्या अधिक जवळचा प्रसंग पंडिता रमाबाईंचा आहे. १८८३ साली त्या इंग्लंडात होत्या. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं काम दाखवलं. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या बायका तिथे सांभाळल्या जात होत्या, पुन्हा उभ्या राहत होत्या. अशा बायकांसाठी कुणी काही करतं हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली आणि समजावली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात तशाच बायकांसाठी कृपासदन उभं राहिलं.

यातला क्रम मी पुन्हा पुन्हा बघते. आधी काम, मग ते पाहणाऱ्याचा प्रश्न, मग उत्तर. उत्तर देणारीने रमाबाईंसारख्या शास्त्र जाणणाऱ्या विदुषीपुढे वाद मांडला नाही, एका बाईची गोष्ट सांगितली. कुणी विचारलेलं नसताना अंगावर जाऊन सांगणं मला आजही पटत नाही, आजारी माणसाच्या खाटेशी तर मुळीच नाही. पण विचारणाऱ्याला टाळणं हाही अपमानच आहे. मावशींनी आपला विठोबा सोडून माझ्याकडे यायची तयारी दाखवली नव्हती. त्यांनी फक्त माझ्याकडे खरं बोलणं मागितलं होतं.

माझ्या गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं, शब्दांचं. आम्हा ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांची एक वेगळी मराठी आहे. तारण, पापक्षमा, नीतिमत्त्व, पुनरुत्थान. उपासनेत ते शब्द मला प्रिय आहेत, पण मावशींच्या भाकरीशेजारी ते ठेवता येईनात. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, आणि ते साध्या मराठीत, अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांनाही कळेल असं. ते छापण्याचं काम मुक्तिसदनातल्या बायकांनीच केलं. रमाबाईंनी एवढा खटाटोप का केला असेल, हे मला त्या खुर्चीवर कळलं.

मावशी, उशीर झाला, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

मी येशूशी बोलत होते. तो सुताराच्या घरात वाढला. त्याच्या मित्राला मातीत ठेवून चार दिवस झाले होते, तिथे तो गेला आणि रडला. म्हणून त्याच्यापाशी रडायला मला संकोच वाटत नाही. त्याचा काही गुन्हा नसताना लोकांनी त्याला खिळे ठोकून मारलं आणि मारणाऱ्यांना क्षमा कर असं तो देवाला म्हणाला. तो तिसऱ्या दिवशी उठला असं मी मानते. हे मी पुस्तकात वाचलं, पण विश्वास बसला तो अप्पांमुळे. चुलत्यांनी विहिरीतला आमचा वाटा बळकावला होता. अप्पा दर नाताळला करंज्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. चुलते आतून कडी लावायचे, अप्पा डबा ओट्यावर ठेवून यायचे. असं नऊ वर्षं. दहाव्या वर्षी दार उघडलं. मी विचारलं होतं, अप्पा, का जाता? ते म्हणाले, "मला माफ केलंय ना त्यानं, मग मी कसा थांबू?"

अप्पा अकराव्या रात्री गेले. ते मला पुन्हा भेटतील या आशेवर मी आहे. तुम्ही पाहिलीत ती शांतता यातून आली होती. ती सारा वेळ नव्हती, पण होती.

आणि मावशी, तुमचा विठोबा तुम्हाला ठाव आहे म्हणालात. तो कसा, ते मी विचारलंच नाही. मुलगा आता चालतो का?